जायफळाच्या गावी : बांदाच्या बेटांवर नऊ दिवस

वेंगुर्ल्यात डचांच्या जुन्या वखारीच्या पडक्या भिंती आहेत. लहानपणी आम्ही भावंडं तिकडून जायचो तेव्हा ती आम्हाला नुसती 'वखार' होती. डच कोण, ते इतक्या लांबून इथे कशाला आले, हे कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. पुढे मी पुण्यात शाळेत इतिहास शिकवू लागले आणि दादाने गावची वाडी सांभाळली. त्याच्या माडांखाली आज जायफळाची पस्तीसेक झाडं आहेत, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण सुगंधा' कलमं. एका सुट्टीत त्याच्या पडवीत जायफळं फोडत बसलो असताना मी त्याला सांगितलं, की ही झाडं मुळात फक्त एकाच ठिकाणची, इंडोनेशियातल्या बांदा नावाच्या दहा-अकरा चिमुकल्या बेटांवरची. आणि वेंगुर्ल्याला वखार घालणाऱ्या त्याच डच कंपनीने त्या बेटांवर काय केलं, तेही सांगितलं. दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाय, जावया आपण."

आमच्याकडच्या सावंतवाडीजवळच्या बांद्याशी या नावाचा काही संबंध नाही. पण गावात "बांद्याक जातंव" म्हटलं की लोक एसटीची वेळ सांगायचे.

दिवस पहिला : अंबोन

मुंबईहून जकार्ता आणि तिथून रात्रीचं विमान. पहाटे अंबोनला उतरलो. आपल्याला विमानतळावरच व्हिसा मिळतो, त्याला पाच लाख रुपिया लागतात. घड्याळ साडेतीन तास पुढे करायचं.

अंबोन ही मालुकू प्रांताची राजधानी. डोंगर थेट खाडीत उतरलेले आणि दुपारी बाराला धो धो पाऊस. कॅथेड्रलसमोर सेंट फ्रान्सिस झेवियरचा पुतळा आहे आणि त्याच्या पायाशी क्रूस धरलेला खेकडा. समुद्रात हरवलेला क्रूस खेकड्याने परत आणून दिला, अशी इथली आख्यायिका आहे. झेवियर 1546 मध्ये इथे आला होता. ज्याचं शव आपण जुन्या गोव्यात लांबून बघतो, तो माणूस इथल्या होड्यांतून फिरलाय हे त्या पुतळ्यापाशी उभं राहिल्यावर खरं वाटलं. गोव्याचा धागा त्याहूनही मागे जातो. अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतलं, 1511 मध्ये मलाक्का घेतलं आणि तिथूनच मसाल्याची बेटं शोधायला जहाजं धाडली. ती 1512 मध्ये बांदाला पोचली. पोर्तुगीज तिथे व्यापार करून परतत राहिले, पण पाय रोवू शकले नाहीत.

भाषेतही ते उरलेत. मेजाला इथे 'मेजा' म्हणतात आणि खिडकीला 'जंदेला'. आमच्याकडे गोव्याच्या वाटेवर 'जनेल' म्हणतात, तेच. जायफळाला मात्र 'पाला' म्हणतात, आणि तो शब्द आपल्या 'फल'वरून गेलेला.

रात्री पापेडा खाल्ला. साबुदाण्यासारखा सागोच्या झाडाचा पांढरा, चिकट लगदा, दोन काड्यांवर गुंडाळून ताटात घ्यायचा आणि हळदीच्या पिवळ्या माशाच्या रश्शाबरोबर न चावता गिळायचा. दादाला पहिल्या घासातच आवडला. मला रस्सा आवडला.

दिवस दुसरा : अडकलेला दिवस

सकाळी धक्क्यावर गेलो तर बांदाची बोट रद्द. समुद्र खवळलाय, उद्या बघू, एवढंच उत्तर मिळालं. तिकिटाच्या पैशांचं काय, यावर तीन खिडक्यांवर तीन उत्तरं. शेवटी तेच तिकीट दुसऱ्या दिवशी चाललं, पण सगळी सकाळ त्यात गेली. तेव्हा पहिली सूचना इथेच लिहून ठेवते : बांदाला जाताना जाऊन-येऊन किमान दोन दिवस हातचे राखा आणि परतीचं विमान बोटीच्या दुसऱ्याच दिवसाचं ठेवू नका. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिल हे त्यातल्या त्यात शांत महिने. जून ते ऑगस्ट जाऊच नका.

दुपारी गाडी करून उत्तर किनाऱ्यावर हिला गावी गेलो. कैतेतूची वापाउवे मशीद 1414 ची मानतात. सागोच्या पानांच्या देठांच्या भिंती, वर शाकारलेलं छप्पर, आत गार अंधार. पलीकडे समुद्राला लागून डचांचा फोर्ट ॲम्स्टरडॅम. याच हिलात रुम्फियस राहायचा. कंपनीचा नोकर, पण जीव सगळा झाडापाल्यात. 1670 मध्ये तो आंधळा झाला, 1674 च्या भूकंपात बायको आणि मुलगी गेली, तरी दुसऱ्यांच्या डोळ्यांनी झाडं बघत, सांगत, लिहून घेत राहिला. त्याचा अंबोनच्या वनस्पतींवरचा ग्रंथ छापला गेला 1741 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. मला या माणसाबद्दल फार माया वाटते. ज्या कंपनीने झाडं मोजली ती फक्त भावासाठी, तिच्याच पगारावरच्या एकाने ती ओळखण्यासाठी मोजली.

दिवस तिसरा : समुद्र

तुलेहूच्या धक्क्यावरून बोट सुटली. सहा तास. उलटीची गोळी बोट सुटायच्या आधी घ्या, नंतर उपयोग नाही. पाच तास चहूकडे नुसतं पाणी आणि मग पाण्यातून एक काळपट सुळका वर येतो. तो गुनुंग आपी, बांदाचा ज्वालामुखी. 1988 मध्ये शेवटचा फुटला. त्याला वळसा घालून बोट आत शिरली आणि वारा एकदम पडला. एका बाजूला ज्वालामुखी, दुसऱ्या बाजूला बांदा नैरा गाव, मधे अरुंद खाडी, पाणी तळ दिसेल इतकं नितळ. इंडोनेशियाच्या हजार रुपियाच्या नव्या नोटेवर बांदा नैराचंच चित्र आहे. दादाने नोट काढून समोर धरली आणि जुळवून बघितली.

आमचा मुक्काम एका घरगुती खोलीत होता. घरच्या बाईंना सगळे इबू म्हणत, आम्हीही तेच म्हणू लागलो. साठीच्या, ठेंगण्या, दिवसभर काही ना काही निवडत बसलेल्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी वांग्याची भाजी केली, वरून कनारीच्या, म्हणजे इथल्या एका मोठ्या झाडाच्या बदामासारख्या बियांचं दाटसर वाटण. शेंगदाण्याचं कूट घालून आपण भरली वांगी करतो त्याची सख्खी बहीण. बरोबर जायफळाच्या सालीचा गोड-आंबट रस. शाकाहारी असाल तर आधी सांगा. मिरचीच्या चटणीतही सुकट असते.

पैशांचंही सांगते. रोकड अंबोनलाच काढून न्या. इथल्या यंत्रावर विसंबून राहू नका, आणि बोटवाले, खोल्या, जेवण सगळं रोखीनेच चालतं.

दिवस चौथा : किल्ले आणि विहीर

सकाळी फोर्ट बेल्गिका. 1611 चा, पंचकोनी, टेकाडावर. बुरुजावर उभं राहिलं की सगळं नाटक एका नजरेत येतं : समोर लोंथोरचं मोठं बेट, डावीकडे मोकळा समुद्र, खाली नासाऊ किल्ल्याचे अवशेष. बेल्गिका नीट डागडुजी केलेला आहे. नासाऊत गवत आणि कोंबड्या. पण खरी जागा ती आहे.

थोडं सविस्तर सांगायला हवं. डच 1599 मध्ये आले तेव्हा बांदावर राजा नव्हता. ओरांग काया, म्हणजे गावोगावचे प्रतिष्ठित पुढारी, एकत्र बसून ठरवायचे. जावाचे, मलायचे, अरब, चिनी, गुजराती असे सगळे व्यापारी त्यांच्याकडे येत आणि ते ज्याला हवं त्याला विकत. त्या बदल्यात तांदूळ आणि कापड घेत, कारण या बेटांवर धान्य पिकत नाही. डच कंपनीला हे नको होतं. फक्त आम्हालाच विका, आम्ही ठरवू त्या भावाने. करार लिहिले गेले, बांदाच्या लोकांनी ते पाळले नाहीत, आणि का पाळावेत? कंपनी पुरेसा तांदूळही आणत नव्हती. 1609 मध्ये किल्ला बांधायला घेतल्यावर त्यांनी डच सेनापती व्हेरहूफ आणि त्याच्या माणसांना बोलणीला बोलावून मारलं. त्या ताफ्यात यान पीटर्सझून कून नावाचा एक तरुण व्यापारी होता. बारा वर्षांनी, 1621 मध्ये, तो गव्हर्नर जनरल होऊन जहाजांचा ताफा आणि जपानी भाडोत्री सैनिक घेऊन परत आला.

8 मे 1621 रोजी नासाऊच्या आवारात 44 ओरांग कायांना बांबूच्या कुंपणात उभं करून जपानी तलवारींनी मारलं. आधी आठ प्रमुख, मग बाकीचे 36. उरलेली गावं जाळली. लोक डोंगरात पळाले, उपाशी मेले, कड्यांवरून उड्या टाकल्या. जवळजवळ 800 जणांना बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, गुलाम म्हणून नेलं. आधी बेटांवर सुमारे 15,000 माणसं होती असं मानतात. नंतर हजारभर उरली. शिवरायांच्या जन्माच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. मी तीस वर्षं शाळेत सतरावं शतक शिकवलं आणि त्यात ही बेटं एकदाही आली नाहीत, हे त्या कोंबड्यांमध्ये उभी असताना मला फार लागलं.

जवळच 'परिगी रांते' आहे, साखळीची विहीर. स्मारकावर मारल्या गेलेल्यांची नावं कोरली आहेत. दादा एकेक नाव बोट ठेवून वाचत होता. उच्चार बरोबर येत नव्हते, तरी शेवटपर्यंत वाचली.

रात्री जेवताना मी इबूंना विचारलं, तुमचं घराणं इथलंच का? मोडक्या इंग्रजीत आणि फोनवरच्या भाषांतरात आमचं बोलणं चालायचं. त्या म्हणाल्या, आईकडचे बुटोनचे, वडिलांकडचे जावाचे, त्याआधीचं कुणाला ठाऊक. आणि तसंच आहे. लोक संपवल्यावर झाडं राखायला कुणीतरी हवंच होतं. कंपनीने बागा 68 भागांत वाटल्या, प्रत्येकावर एक डच 'पर्केनियर' बसवला आणि मजुरीला गुलाम आणले : जावा, बुटोन, केई, आरू बेटांवरून, आणि आपल्याकडच्या गुजरात, मलबार, कोरोमंडलच्या किनाऱ्यांवरूनसुद्धा. आजचे बांदाकर बहुतेक त्यांचे वंशज. मूळ बांदाची भाषा आता बोलतात ती केई बेटांवरच्या दोन गावांत, पळून गेलेल्यांची नातवंडं-पणतवंडं.

"मग त्या 44 जणांचं तुम्ही का करता?" मी विचारलं. कारण इथल्या गावांत आजही त्यांच्या नावाने 'चाकालेले' हा युद्धनाच होतो, विधी होतात.

इबूंना प्रश्नच विचित्र वाटला. "विहिरी त्यांच्या, झाडं त्यांची. पाणी आम्ही पितो. मग नावं कुणी घ्यायची?"

दिवस पाचवा : लोंथोर, जायफळाची बाग

या दिवसासाठी आलो होतो. छोट्या होडीने दहा मिनिटांत लोंथोर, म्हणजे बांदा बेसार. धक्क्यावरून डोंगरावर सरळ पायऱ्या चढतात, तीनशेहून जास्त. वर जुनी पवित्र विहीर. काही वर्षांनी एकदा सगळं गाव मिळून ती उपसतं आणि धुतं.

विहिरीच्या पुढे बाग लागते आणि आवाजच बदलतो. वर कनारीची राक्षसी झाडं, वडाच्या पारंब्या जमिनीत भिंतीसारख्या उभ्या राहाव्यात तशी त्यांची मुळं. त्यांच्या सावलीत जायफळं. दादा थांबला आणि एका खोडाला हात लावून म्हणाला, "बाय, ह्या आपलाच झाड गो." मग हिशोब सुरू झाला. आमच्याकडे सावली माडाची, इथे कनारीची. आमच्याकडे ठिबक, इथे पाऊस. आमची झाडं कलमांची म्हणून लवकर धरतात, इथली बियांची, त्यांना सात-आठ वर्षं लागतात आणि नर निघाली तर गेली. पण इथलं एकेक झाड घराएवढं, आणि कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही.

बागेतल्या एका बाईने आम्हाला 'गाई-गाई' दाखवली. लांब बांबू, टोकाला वेताची निमुळती टोपली आणि दोन दात. आंब्याचा आपला झेलाच. पिकून चीर पडलेलं फळ दातात अडकवून हिसका दिला की टोपलीत. तिने एक फळ हातात दिलं. जर्दाळूसारखं पिवळं, चिरेतून आतली लाल जायपत्री दिसत होती. इतकी लाल, की ओली लाखच जणू, आणि तिच्या जाळीतून काळी चकचकीत कवची. तिने टोकाकडून बोटाने सैल करत करत जायपत्री अखंड काढली, फुलासारखी, आणि तळहातावर चपटी केली. दादाने खिशातून पेनाचं टोपण काढलं आणि दुसरं फळ घेऊन तसंच केलं. त्याचीही अखंड निघाली. जायपत्री तुटली की भाव तुटतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यानंतर अर्धा तास ती दोघं एकमेकांची भाषा न कळता बोलत होती.

जायपत्री उन्हात वाळते आणि लालाची केशरी-पिवळी होते. जायफळ मात्र धुरावर, मंद आचेवर, हळूहळू. कवचीत बी खुळखुळू लागलं की तयार. डच त्याला चुना लावून पाठवायचे, म्हणजे कुणी पेरलं तरी रुजू नये. सगळ्या जगाचं जायफळ आपल्याच मुठीत राहावं यासाठी हा आटापिटा. शेवटी 1770 च्या सुमारास फ्रेंचांनी रोपं पळवून मॉरिशसला नेली. 1796 मध्ये आणि पुन्हा 1810 मध्ये इंग्रजांनी बेटं घेतली तेव्हा त्यांनी पेनांग, श्रीलंकेपर्यंत रोपं पोचवली. पुढे ग्रेनाडात इतकं रुजलं की त्या देशाच्या झेंड्यावर जायफळ आहे. दादाची वाडीही त्याच वाटेवरचा एक थांबा.

पण माणसापेक्षा आधी हे काम पक्षी करत होता. वर 'गुम गुम' आवाज येत होता, राखी-हिरवं मोठं कबुतर. ते अख्खं जायफळ गिळतं, जायपत्री पचवतं आणि बी दुसरीकडे टाकतं.

दादाला एक बी घरी न्यायची फार इच्छा होती. मी नको म्हटलं. रोपं-बिया परवान्याशिवाय आणणं कायद्याने बरोबर नाही, रोग येऊ शकतो. त्याला ते पटलं. बी त्याने परत झाडाखाली ठेवली.

दिवस सहावा : रुन

बोट भाड्याने केली, आणखी चार प्रवासी मिळाले म्हणून परवडली. पहाटे निघा, दुपारनंतर लाटा उठतात. दोन तासांवर रुन, तीनेक किलोमीटर लांब, एक गाव, रंगवलेली घरं, अंगणात चटईवर लवंग वाळत घातलेली.

याच बेटावर नॅथॅनिएल कोर्टहोप नावाचा इंग्रज मूठभर माणसांनिशी 1616 ते 1620 डचांविरुद्ध तग धरून राहिला. बेटावर झरा नाही, पावसाचं पाणी साठवून प्यायचे. कोर्टहोपला मारून डचांनी बेट घेतलं आणि जायफळाची झाडं तोडून टाकली, म्हणजे इंग्रजांना परत यायला कारणच नको. 1667 च्या ब्रेडाच्या तहात रुन डचांकडे राहिलं आणि इंग्रजांनी आधीच घेतलेलं मॅनहॅटन इंग्रजांकडे. 'रुन देऊन न्यूयॉर्क घेतलं' असं सगळीकडे सांगतात, पण तहात ज्याच्या ताब्यात जे होतं ते त्याचंच राहिलं, एवढंच. तरी त्यावेळी डचांना आपलाच सौदा चांगला वाटला असणार, हे खरं. आणि ही गोष्ट सांगताना रुनच्या माणसांचं नाव कुणी घेत नाही, हे मला खटकतं. त्यांनी 1616 मध्ये इंग्रजांना आसरा दिला तो डचांपासून वाचण्यासाठी. तहाच्या वेळी त्यांना कुणी विचारलं नाही.

गावातल्या मुलांनी आम्हाला किनाऱ्यावर नेलं. समोर नायलाकाचं वाळूचं बेटुकलं. पाण्यात उतरलो तर गुडघाभर पाण्यातच प्रवाळ. गॉगल आणि नळी आपली घेऊन जा. नंतर पोरांनी ताडगोळ्यासारखी कोवळी शहाळी फोडून दिली.

दिवस सातवा : हत्तांचं घर

पाऊस. गावातच फिरलो. डच चर्चमध्ये फरशीत पर्केनियरांच्या कबरी आहेत. जुन्या हवेलीत खिडकीच्या काचेवर कुणा एकाकी फ्रेंच माणसाने कोरलेल्या ओळी.

पण थांबलो ते मोहम्मद हत्तांच्या घरी. 1936 मध्ये डचांनी हत्ता आणि सुतान शहरीर या दोन स्वातंत्र्यवाद्यांना इथे हद्दपार केलं. 1942 पर्यंत ते इथे होते. पुढे हत्ता इंडोनेशियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष झाले, शहरीर पहिले पंतप्रधान. घराच्या मागच्या पडवीत अजून बाकं मांडलेली आहेत. दोघं गावातल्या पोरांना तिथे शिकवायचे. त्यांच्यापैकी एक, देस अल्वी, पुढे मोठा होऊन परत आला आणि या पडझड झालेल्या गावाची डागडुजी त्याच्या पुढाकाराने झाली. आज जवळच्या दोन बेटांना हत्ता आणि शहरीर अशीच नावं आहेत. मी एका बाकावर बसले. शिक्षकाला बाक दिसला की बसावंसं वाटतंच, आणि मंडालेच्या तुरुंगातला आपला एक कैदी आठवला, तोही लिहीत-शिकत राहिलेला.

दिवस आठवा-नववा : परत

गुनुंग आपी चढायचं मी सोडलं. दादा पहाटे एका वाटाड्याबरोबर जाऊन आला. साडेसहाशे मीटर, पण सरळ आणि सगळी सुटी खडी. जाड तळव्यांचे बूट आणि हातमोजे घ्या, वर गेल्यावर जमीन बसवत नाही इतकी गरम लागते.

परतीची बोट दुसऱ्या दिवशी सुटली. आदल्या रात्री इबूंनी सालीचा मुरांबा कसा करायचा ते दाखवलं. आमच्याकडे जायफळाची साल बहुतेक झाडाखालीच कुजते. इथे ती फेकायची कल्पनाच नाही. सोलून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवायची, तुरटपणा निघतो, मग काप करून साखर लावून उन्हात. दादाने सगळं वहीत लिहून घेतलं. धक्क्यावर त्या पोचवायला आल्या, एक बरणी हातात दिली आणि बोट वळेपर्यंत उभ्या होत्या.

मागच्या आठवड्यात दादाने वाडीतल्या सालींचा पहिला घाणा घातला. ताटात पसरून अंगणात ठेवलेल्या कापांचा फोटो मी इबूंना पाठवला. तासाभरात उत्तर आलं. भाषांतर करून बघितलं : अजून दोन उन्हं द्या.